चष्म्याच्या दुकानावरचा फुटबॉल क्लब

क्लबमध्ये इंटर्न होते तेव्हा मी नेमाने डायरी लिहायचे. आमच्या डिप्लोमाच्या सरांनी सांगितलं होतं की रोज काय शिकलात ते लिहून ठेवा, पुढे इंटरव्ह्यूत कामाला येतं. मागच्या आठवड्यात ती डायरी हाताला लागली. 'आज खेळाडूंचे फॉर्म भरले.' 'आज गोलपोस्टची जाळी शिवून घेतली.' 'आज पोस्टर केलं.' पानंच्या पानं असलीच. आणि जबलपूरच्या विजय नगरमध्ये मैत्रिणींबरोबर चहाला बसलं की ज्या गोष्टी त्या मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, त्यांतली एकही त्या डायरीत नाही. तेव्हा लिहिण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नसणार. किस्से असेच जमत असावेत, आपण दुसरंच काहीतरी लिहीत बसलेलो असताना.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी मुक्ता. आमचं घर खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये. आजोबा नागपूरकडून नोकरीसाठी जबलपूरला आले, मग बाबाही फॅक्टरीतच लागले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दहावीपर्यंत मी क्वार्टरच्या मैदानावर मुलांमध्ये फुटबॉल खेळले. मग खेळणं सुटलं, पण बघणं सुटलं नाही. बी.कॉम. झाल्यावर मी घरी बसून स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला आणि फुटबॉलमध्येच नोकरी करायची असं जाहीर केलं.

बाबांचं म्हणणं साधं होतं. बँकेची परीक्षा दे. फुटबॉल चांगलाच आहे, पण तू खेळाडू नाहीस, कोच नाहीस, मग त्यात तू नेमकं करणार काय? मला याचं उत्तर देता यायचं नाही, त्यामुळे ते जास्त लागायचं. शेवटी सहा महिन्यांची मुदत ठरली. तेवढ्या काळात इंटर्नशिपच्या क्लबने पक्की नोकरी दिली तर ठीक, नाहीतर मी नेपियर टाउनच्या कोचिंगमध्ये नाव घालायचं. आता क्लबचं ऑफिसही नेपियर टाउनमध्येच, त्या कोचिंगच्या अगदी समोर. खिडकीतून त्यांचा मोठा बोर्ड दिसायचा, बँकेत निवड झालेल्या मुलामुलींच्या फोटोंचा. मी टेबल फिरवून घेतलं आणि त्या बोर्डाकडे पाठ करून बसायला लागले.

* * *

क्लबचे सेक्रेटरी तिवारीजी. साठीच्या आसपासचे, गोल चेहऱ्याचे, कधी घाईत नसलेले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानावरची खोली म्हणजे आमचं ऑफिस. माझा इंटरव्ह्यू मात्र खाली दुकानातच झाला. मी मांडीवर फाइल घेऊन स्टुलावर बसलेली आणि ते एका आजीबाईंच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होते.

माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, ऑफसाइड म्हणजे काय ते सांगता येईल का.

या प्रश्नाची मी दहा वर्षं वाट बघत होते. काउंटरवर चष्म्याच्या रिकाम्या डब्या होत्या. मी चार डब्यांचे डिफेंडर केले, काच पुसायच्या पाण्याची बाटली गोलकीपर, आणि दोन फ्रेम्स फॉरवर्ड. पास कधी निघाला, तेव्हा कोण कुठे होता, सगळं सरकवून सरकवून दाखवलं. आजीबाईसुद्धा नव्या चष्म्यातून बघत राहिल्या. तिवारीजींनी शांतपणे ऐकून घेतलं, डब्या जागच्या जागी ठेवल्या आणि टायपिंग येतं का असं विचारलं. मी हो म्हटलं. मग उद्यापासून ये म्हणाले.

मी पायरीपर्यंत गेले आणि परत आले. मला राहवेना. ऑफसाइडचं उत्तर बरोबर होतं का, असं विचारलं.

तिवारीजींनी आजीबाई ऐकत नाहीत ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बिटिया, पंधरा साल से सेक्रेटरी हूँ. अब किसी से पूछते शरम आती थी. आज जाके समझ में आया."

* * *

आमचे कोच डिसूझा सर. रेल्वेतून रिटायर झालेले, उंच, सावकाश बोलणारे. गळ्यात शिटी असायची, पण ती वाजवलेली मी क्वचित ऐकली. ते नुसते उभे राहायचे आणि मुलं थांबायची.

डिसेंबरात एका सकाळी लीगची मॅच होती आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे काका भाचीच्या लग्नाला गेले होते. मी मारते म्हटलं. डिप्लोमात मैदानाची सगळी मापं पाठ केली होती. आई म्हणत होती की एवढ्या थंडीत काहून जाऊन राहिली, पण मी उजाडताच मैदानावर पोचले. दोरी बांधली, चुना घेतला आणि सुरू झाले. पाठ केलेल्या मापांत एक गोष्ट नव्हती. दवाने नायलॉनची दोरी भिजते आणि ढिली पडते.

ऊन वर आलं तेव्हा दिसलं की एका बाजूचा पेनल्टी बॉक्स तिरका झालाय. थोडासा नाही, चांगला दोन पावलं. मी पायाने चुना पुसायला गेले तर तो अजूनच पसरला. तेवढ्यात दुसऱ्या टीमचे कोच आले. त्यांनी हाताची घडी घातली आणि बॉक्सच्या कडेने पावलं मोजत चालायला लागले. मला समोरच्या कोचिंगचा बोर्ड डोळ्यांपुढे दिसायला लागला आणि त्यावर माझा फोटो.

डिसूझा सर आले. त्यांनीही पावलं मोजली. मग त्या कोचना ते अगदी साधेपणाने म्हणाले, "फर्स्ट हाफ में ये हमारा है, सेकंड हाफ में आपका. टेढ़ा दोनों को बराबर मिलेगा."

त्या कोचनी हाताची घडी सोडली. मॅच झाली, बरोबरीत सुटली, कोणी तक्रार केली नाही.

सगळे गेल्यावर मला वाटलं, सुटले. पण सरांनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि आम्ही अख्खं मैदान पुन्हा आखलं. भर दुपारी, दोघंच. पुढची मॅच आठ दिवसांनी होती. तोवर त्या रेघा राहणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यानंतर माझी एकही रेघ वाकडी गेलेली नाही.

* * *

फेब्रुवारीत कॉमेंट्री करणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला आणि माइक माझ्या हातात आला. पहिला हाफ मी हिंदी बातम्या वाचतात तसा काढला. खेळाडूंची नावं, मिनिटं, पाहुण्यांचे आभार. दुसऱ्या हाफमध्ये आमचा सात नंबर, म्हणजे आमचा मुख्य फॉरवर्ड, एकटाच बॉल घेऊन गोलपुढे पोचला. समोर फक्त कीपर. आणि तो थांबला. काय विचार करत होता देव जाणे.

"अरे मार ना, काहून थांबून राहिला?"

हे मी बोलले हे मला लाउडस्पीकरमधून परत ऐकू आलं तेव्हा कळलं. अख्ख्या मैदानाला मराठी कळली नसेल, पण अर्थ कळला. एवढी शांतता झाली की सात नंबरही दचकला आणि त्याने जो बॉल मारला तो गोलच्या बाजूने थेट कॉर्नरच्या झेंड्यापाशी गेला. मग जे हसू उसळलं ते थांबेचना. त्या हशात पलीकडच्या लिंबाच्या झाडांखालून कोणा माणसाचा आवाज आला, "तेच तर म्हणून राहिलो मी केव्हाचा!" मैदान खमरियाजवळचं, तिथे मराठी माणसं पुष्कळ आहेत. ऊन डोळ्यांवर होतं, कोण ते दिसलं नाही.

त्या दिवशी बाबा घरून निघाले होते ते पेन्शनच्या चौकशीला, एका मित्राबरोबर. रात्री जेवायला बसलो. वरण-भात संपत आला तेव्हा आईला म्हणाले की त्या सात नंबरचा डावा पाय नुसता उभं राहण्यापुरता आहे, सगळं उजव्यावर आणायला जातो, म्हणून थांबतो.

आईने विचारलं, तुम्ही कुठं पाहिलं?

"लोक सांगतात," बाबा म्हणाले.

मी मान खाली घालून ताटात बघत राहिले. तेव्हा हसले असते, तर ते पुन्हा आले नसते.

* * *

आता दीपकचा किस्सा सांगायला हवा. दीपक मरावी आमचा गोलकीपर. मंडल्याच्याही पुढच्या एका गावातला, जबलपुरात रांझी भागात, क्लबने दिलेल्या खोलीत राहायचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. बोलणं कमी. पेनल्टी अडवली तरी चेहऱ्यावर काही नाही, गोल खाल्ला तरी काही नाही.

खेळाडूंचे फॉर्म भरताना माझ्या लक्षात आलं होतं की आमच्या टीममधले सात जण एकाच तारखेला जन्मलेत, एक जानेवारीला. डिसूझा सरांनी समजावलं की गावच्या शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की मास्तर हीच टाकतात. पण मला क्लबच्या पेजवर प्रत्येकाच्या वाढदिवसाची पोस्ट टाकायची होती, तेव्हा एक जानेवारीला मी सातही जणांचे फोटो एकत्र करून टाकले. लोकांना ते फार आवडलं.

प्रॅक्टिसनंतर दीपक माझ्याकडे आला. फोटो छान आहे म्हणाला, पण मी त्या दिवशी जन्मलो नाही. मग कधी? तर तारीख त्यालाही माहीत नव्हती. त्याची आई पहाटे महुआ, म्हणजे मोहाची फुलं, वेचायला गेली होती, टोपली अर्धी भरली तोच कळा आल्या आणि ती घरी परत आली. एवढंच त्याला माहीत होतं.

मी म्हटलं, मग आईला सांग, यंदा दारातल्या झाडाचा पहिला महुआ पडेल त्या दिवशी फोन कर. तो नुसता हसला. मला वाटलं, विसरला.

मार्चच्या शेवटी एका सकाळी मी मैदानावर पोचले तर तो आधीच गेटपाशी उभा. "दीदी, माँ का फोन आया था. आज गिरा."

त्या दिवशी पोस्ट टाकली, त्याची एकट्याची. तिवारीजींनी दुकान उघडायच्या आधी जाऊन खोव्याची जलेबी आणली. दीपकला सगळ्यांनी भरवली, तो लाजून लाल झाला. डिसूझा सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं की मग आज किती वर्षांचा झालास.

दीपकने बराच विचार केला. "फॉर्म में क्या लिखा है, सर?"

* * *

त्यानंतर तीनच आठवड्यांत प्रॅक्टिसमध्ये उडी मारून खाली येताना त्याचा गुडघा पिरगळला. सरांच्या बायकोची तब्येत बरी नव्हती आणि तिवारीजी गावाला गेले होते, तेव्हा एमआरआय काढून डॉक्टरांकडे त्याला मी घेऊन गेले. क्लिनिकच्या फॉर्मवर 'पेशंटशी नातं' असा रकाना होता. काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, इंटर्न.

दीपकला आत तपासून बाहेर बसवलं आणि डॉक्टरांनी मला थांबायला सांगितलं. ते फॉर्म बघत म्हणाले, अच्छा, इंटर्न आहेस, ये, हे बघ. आणि त्यांनी फिल्म उजेडावर लावून मला भराभर समजवायला सुरुवात केली. अर्धं इंग्रजी, अर्धं लॅटिन असावं. मी मान डोलवत राहिले. आत्ता सांगू, मग सांगू, असं करत सांगायची वेळ निघून गेली. ते म्हणाले की दोन्ही लिगामेंट गेलेत आणि आतली गादीही फाटली आहे. ऑपरेशन चांगलं झालं तर चालेल-फिरेल, शेतातलं काम करेल. गोलकीपिंग संपलं. हे त्याला आज सांगू नकोस, ऑपरेशनच्या आधी पेशंटचा धीर सुटतो. मग फिल्म काढत त्यांनी विचारलं, कुठल्या कॉलेजची तू?

मी म्हटलं, सर, मी फुटबॉल क्लबची इंटर्न आहे.

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी तो पुसून टेबलावर ठेवला. "ये बात उसको मैं बताने वाला था, धीरे-धीरे," ते म्हणाले. "अब वो बाहर निकलते ही तुमसे पूछेगा."

मैत्रिणींना हा किस्सा मी इथपर्यंतच सांगते. त्या हसतात. तुम्हाला पुढचंही सांगते.

त्याने बाहेर निघाल्या निघाल्या विचारलं नाही. ऑटोत बसल्यावर विचारलं. त्याचा पाय सीटवर लांब केलेला, मी कोपऱ्यात अंग चोरून. डॉक्टर सांगू नकोस म्हणाले होते. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि खोटं बोलायला जी तयारी लागते ती माझ्याकडे नव्हती. मी सांगितलं. जे कळलं होतं तेवढं, जसंच्या तसं. तो रस्त्याकडे बघत राहिला. खोलीपाशी ऑटो थांबला तेव्हा त्याने विचारलं,

"दीदी, क्लब में बैठ के करने का कोई काम होता है? जैसा आप करती हो?"

आता इथे एक सांगायला हवं. लीग संपल्यावर क्लब एक माणूस कायमचा ठेवणार, असं तिवारीजी दोनदा बोलले होते. नाव घेतलं नव्हतं, पण माझ्याकडे बघून बोलले होते. एक जागा. माझे सहा महिने संपायला एक महिना उरला होता. मी दीपकला म्हटलं, बघते.

दोन दिवस मी कोणाला काही बोलले नाही. कोणी माझ्या चांगुलपणाचं कौतुक करायला लागलं की मी या दोन दिवसांची आठवण करून देते. फॉर्म भरले, पोस्टर केलं, आणि दर तासाला स्वतःला समजावलं की हा काही माझा प्रश्न नाही. तिसऱ्या दिवशी तिवारीजींच्या दुकानात गेले आणि सांगून टाकलं की एक जागा असेल तर ती दीपकला द्या, तो लहान कीपर्सना शिकवेल, बसून शिकवता येतं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं, आता कोचिंगचं नाव निघणार. बाबांनी विचारलं की त्या मुलाच्या घरी कमावणारं कोण आहे. मी म्हटलं, तोच. उठताना बाबा एवढंच म्हणाले, "अजून महिना आहे ना तुझा."

* * *

पुढचं सगळं आधीच सांगून टाकते, कारण सगळ्यात चांगला किस्सा मी शेवटी ठेवलाय आणि त्याच्यानंतर मला काही सांगायचं नाही. दीपकचं ऑपरेशन झालं, तो आता आमच्या लहान कीपर्सना शिकवतो. हल्ली बोलतो जरा, शिकवायला लागलं की बोलावंच लागतं. आणि मीही क्लबमध्येच आहे, पगारावर. मी मोठ्या शहरांतल्या तीन क्लबांना अर्ज केले होते, त्यांच्यापैकी कोणाचं उत्तर आलं नाही. माझी नोकरी उभी राहिली ती मुलींच्या बॅचमुळे.

दीपकला जागा दिल्यावर तिवारीजींना माझ्याबद्दल वाईट वाटत होतं. त्यांनी सुचवलं की क्लबची मुलींची बॅच सुरू झाली तर कमिटीपुढे आणखी एका माणसाचं नाव टाकता येईल. फक्त मुली आणायच्या कुठून ते तू बघ. मी खमरिया आणि रांझी पालथी घातली. आईला बरोबर घेऊन क्वार्टरच्या दारोदार गेले. सगळे म्हणाले, हओ, हओ, भेजेंगे. चहासुद्धा दिला.

पहिल्या रविवारी सकाळी सहाला मैदानावर मी, डिसूझा सर, खुर्चीत पाय लांब करून बसलेला दीपक आणि बारा बॉल. कोणी आलं नाही. आठला आम्ही बॉल जाळीत भरले.

दुसऱ्या रविवारी दोघी बहिणी भावाच्या मोटरसायकलवर आल्या. मैदानावर दुसरं कोणी नाही हे पाहून भावाने गाडी वळवली.

तिसरा रविवार हा माझ्या सहा महिन्यांतला शेवटचा रविवार होता. घरी टीव्हीच्या शेजारी कोचिंगचा फॉर्म ठेवलेला होता. बाबांनी तो आणला होता, पण मला भर म्हटलं नव्हतं. मी सहाला मैदानावर पोचले. मुलींसाठी नवं रजिस्टर केलं होतं, मुलांच्या रजिस्टरसारखेच रकाने आखून: नाव, वय, पत्ता, आणि मैदानावरची जागा, म्हणजे खेळाडू गोलकीपर की राइट आउट, कुठे खेळतो ते. शेवटचा रकाना मुलींच्या बाबतीत कोराच राहणार, हे मी धरून चालले होते.

सात वाजत आले तेव्हा एक स्कूटी गेटमधून आत आली. चालवणारी बाई चाळिशीची, सलवार-कुर्त्यातली. मी तिला ओळखत होते. रांझीत ब्लाउज शिवायची. आईबरोबर तिच्याकडे गेले होते तेव्हा मशीनवरून मान वर न करता तिने पत्रक ठेवून घेतलं होतं. मागे तिची मुलगी, चौदा-पंधरा वर्षांची. मुलगी स्कूटीवरून उतरलीच नाही. फोन काढून बसली. मी जवळ गेले तर मायलेकींचं हळू आवाजात चाललेलं ऐकू आलं. मुलगी म्हणत होती की तिला खेळायचं नाही, तिने कधीच म्हटलं नव्हतं, हे सगळं आईचं आहे. बाई एक हात स्कूटीच्या हँडलवर ठेवून मैदानाकडे बघत उभी होती.

मी समजले. आता किल्ली फिरणार आणि स्कूटी गेटबाहेर जाणार.

डिसूझा सरांनी एक बॉल पायाने हळूच मुलीकडे सोडला. मुलांना ओढून घ्यायची ही त्यांची जुनी पद्धत, बॉल पायाशी आला की पाय आपोआप हलतो. मुलीने पाय हलवला नाही. बॉल स्कूटीच्या चाकाला लागून वळला आणि बाईकडे गेला.

बाईने तो थांबवला. तळव्याखाली घेऊन, अलगद, बॉलकडे न बघता.

डिसूझा सरांनी ते पाहिलं. ते दहा पावलं मागे गेले आणि उभे राहिले.

बाईने चपला काढल्या आणि स्कूटीच्या स्टँडपाशी नीट शेजारी शेजारी ठेवल्या. ओढणी कमरेला गुंडाळून गाठ मारली. मग तिने पायाच्या आतल्या बाजूने बॉल मारला. बॉल गवताला चिकटून सरळ सरांच्या पायात गेला. सरांनी परत दिला. तिने परत दिला. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. सरांनी अंतर वाढवलं, ती मागे सरकली. सरांनी मुद्दाम डावीकडे लांब दिला, ती धावत गेली आणि धावता धावताच डाव्या पायाने परत केला. खुर्चीतला दीपक पुढे वाकून बसला होता. स्कूटीवरच्या मुलीने फोन खाली केला आणि ती आपल्या आईकडे अशी बघत राहिली जशी ती कोणी नवीनच बाई आहे.

शेवटी बाई थांबली. धाप लागली होती, कपाळावरचा घाम तिने मनगटाने पुसला. मी रजिस्टर उघडलं, पेन काढलं आणि विचारलं, बेटी का नाम क्या लिखूँ?

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर अजून बॉलवर होती.

"पहले मेरा लिखो," ती म्हणाली. "सुषमा. लेफ्ट आउट."